केशवाचा मुलगा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सेक्रेटरी मला म्हणाले, "काका, तुम्ही पंधरा मिनिटं बोला. विषय तुमच्या आवडीचा." बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला असं सांगणं तसं धोक्याचंच. तो मुदत ठेवींवर बोलायला लागला तर त्याला थांबवणार कोण? पण घाबरू नका. आज मी एका निवृत्त शाळामास्तरांवर बोलणार आहे. त्यांच्या मुलावर आजवर पुष्कळ भाषणं झाली, पुस्तकं लिहिली गेली, परिसंवाद झाले. त्यांच्यावर झालेलं भाषण मात्र मी तरी ऐकलेलं नाही.

विषय कसा सुचला ते सांगतो. मागच्या हिवाळ्यात आपल्या सोसायटीची सहल गणपतीपुळ्याला गेली होती. दर्शन झालं, जेवणं झाली आणि परतताना आपण शेजारच्या मालगुंडला थांबलो. तिथे कवी केशवसुतांचं स्मारक आहे. मधु मंगेश कर्णिक आणि कोकण मराठी साहित्य परिषदेच्या मंडळींनी ते उभं केलं आणि १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. बरीचशी मंडळी फोटो काढण्यात गुंतली होती. बी विंगमधली एक पाचवीतली मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आजोबा, ह्यांचं नाव तर कृष्णाजी दामले. मग केशवसुत का म्हणतात?"

मी म्हटलं, "सुत म्हणजे मुलगा. त्यांच्या वडिलांचं नाव केशव. केशवाचा मुलगा तो केशवसुत."

"मग ते केशव काय करायचे?"

"शिक्षक होते."

ती म्हणाली, "एवढंच?"

तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला आणि उत्तर द्यायचं राहून गेलं. राजापूरला परत येईपर्यंत माझ्या डोक्यात तो शब्द घोळत होता. एवढंच? आज त्या मुलीला उत्तर द्यायचं आहे. तुम्ही सगळे साक्षीदार.

तर हे केशव विठ्ठल दामले. लोक त्यांना केसोपंत म्हणत. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. मालगुंडला मराठी शाळेत शिक्षक. १८६६ साली तिथे त्यांच्या घरी कृष्णाजीचा जन्म झाला. मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखातं सुरू होऊन तेव्हा पुरती बारा वर्षंही झाली नव्हती. गावोगावी मराठी शाळा नुकत्या कुठे रुजत होत्या. खेड्यात शाळा म्हणजे काय, तर मास्तर. मास्तर जिथे बसेल ती शाळा.

पुढे प्रकृती साथ देईना, म्हणून केसोपंतांनी नोकरीतून निवृत्ती घेतली. निवृत्त झाले आणि झोपाळ्यावर बसले, असं मात्र नाही. घर मुलाबाळांनी भरलेलं होतं. त्यांनी दापोली तालुक्यातल्या वळणे गावी रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिकांच्या खोतीची व्यवस्था पाहायचं काम पत्करलं. तरुण मंडळींना खोती म्हणजे काय हे सांगायला हवं, कारण ती पद्धत १९४९ च्या कायद्याने गेली. खोत गावाकडून सारा गोळा करायचा आणि सरकारात भरायचा. खोताच्या वतीने व्यवस्था पाहणारा माणूस म्हणजे शेतं पाहणार, भात मोजून घेणार, हिशेब ठेवणार आणि दोन्हीकडची बोलणी खाणार. प्रकृतीसाठी शाळा सोडलेल्या माणसाने हे काम का घेतलं असेल? मला विचाराल तर त्याचं उत्तर मुलांच्या शिक्षणात आहे.

केशवसुत शिकले कुठे पाहा. खेड, बडोदे, वर्धा, नागपूर, पुणे. नकाशावर बोट ठेवून बघा. आज आपला नातू पुण्याला होस्टेलवर गेला तर आपण रोज रात्री व्हिडिओ कॉल करतो. तेव्हा मालगुंडहून वळण्याला जायचं तरी मध्ये जयगडची आणि दाभोळची खाडी. नागपूर म्हणजे तर दुसरा मुलूखच. पत्र कधी पोहोचेल, त्याचं उत्तर कधी येईल, कसलाच भरवसा नाही. अशा काळात या मास्तरांनी मुलाला शिकायला दूर पाठवलं. मुलाची शाळा पुन्हा पुन्हा बदलली. मॅट्रिकची परीक्षा पास व्हायला १८८९ साल उजाडलं, म्हणजे वय बावीस-तेवीस. आजच्या भाषेत बोलायचं तर मुलाचं 'करिअर' काही धड दिसत नव्हतं. तरी शिक्षण थांबलं नाही.

आणि एकाच मुलाचं नव्हे. दुसरे चिरंजीव मोरो केशव दामले. १९११ साली त्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' प्रसिद्ध झालं. मराठी व्याकरणाचा अभ्यास करणाऱ्याला आजही तो जाडजूड ग्रंथ उघडावा लागतो. धाकटे सीताराम केशव दामले लेखक आणि देशभक्त म्हणून ओळखले गेले. खेड्यातला एक शिक्षक. त्याचा एक मुलगा मराठी कविता बदलतो आणि दुसरा त्याच भाषेचे नियम शास्त्रशुद्ध मांडतो. अशी घरं महाराष्ट्रात किती सापडतील?

आता नावाकडे येतो. आपल्याकडे नावात वडिलांचं नाव मध्ये येतं. कृष्णाजी केशव दामले. तुमचं-माझं तसंच. अलीकडे तर १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव घालायचं असा नियम शासनाने केला आहे. उशिरा सुचलं, पण चांगलं सुचलं. पण या मधल्या नावाचं होतं काय, ते बँकवाल्याला विचारा. फॉर्मवर जागा अपुरी, रबरी शिक्का लहान, म्हणून त्याचं एक अक्षर होतं. मी छत्तीस वर्षं हजारो कागदांवर सही केली आणि प्रत्येक सहीत माझे वडील एका अक्षरात कोंबले. पुढे टिंब.

केशवसुतांनी नेमकं उलट केलं. मधलं नाव पुढे घेतलं आणि स्वतःचं नाव गाळलं. आणि असं करणारा माणूस कसा होता? जुनं ते सगळं डोक्यावर घेणारा आज्ञाधारक मुलगा नव्हे. जुन्या रूढींवर त्यांच्याइतका तुटून पडणारा कवी मराठीत त्याआधी झाला नव्हता. 'तुतारी' त्यांची. 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' त्यांची, तीही १८८८ सालची. जगातल्या प्रत्येक जुन्या गोष्टीला प्रश्न विचारणारा हा बंडखोर, आणि कवितेखाली लिहितो काय, तर केशवाचा मुलगा. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. पुढे आचार्य अत्र्यांनी 'झेंडूची फुले' मध्ये विडंबनं लिहिताना 'केशवकुमार' हे नाव घेतलं. गंमत अशी की अत्र्यांच्याही वडिलांचं नाव केशवच.

केशवसुतांनी पोटासाठी वडिलांचाच पेशा पत्करला. खानदेशात भडगावला, फैजपूरला शिक्षक होते, शेवटी धारवाडला. त्यांची 'नैर्ऋत्येकडील वाऱ्यास' अशी एक कविता आहे. शाळेत नसेल तर घरी वाचा. देशावर बसलेल्या माणसाला कोकणाकडून वारा येतो आणि घर आठवतं, एवढाच विषय. नोकरीसाठी कोकण सोडलेल्या माणसाला ती वाचताना नीट वाचता येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. १९०५ साली हुबळीला प्लेगने ते गेले. वय चाळीससुद्धा नाही. मागोमाग थोड्याच दिवसांत त्यांची पत्नीही गेली. दीडशेही कविता नाहीत, आणि त्यांचं पुस्तक निघालं ते मृत्यूनंतर, १९१७ साली, हरि नारायण आपट्यांच्या खटपटीने. त्या पुस्तकावर वडिलांचं नाव आहे, कारण मुलाने ते आपल्या नावातच ठेवलं होतं.

हे सगळं मी का सांगतो, ते आता सांगतो. माझे वडीलही शिक्षक होते. आपल्यापैकी जुन्या सभासदांना ते आठवत असतील. ए विंग, तळमजला, दाराशी लाकडी खुर्ची. घरात आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, बाकी सगळे गुरुजी.

तात्या व्हर्नाक्युलर फायनल झालेले. लोकल बोर्डाच्या शाळेत लागले, १९६२ साली जिल्हा परिषदा झाल्या तेव्हा तिकडे वर्ग झाले आणि १९७९ साली निवृत्त झाले. सगळी नोकरी याच तालुक्यात. पाचल, भालावली, जैतापूर आणि मधली किती तरी गावं. दिवसा मुलांची शाळा आणि रात्री कंदिलावर मोठ्या माणसांची. तेव्हा ग्रामशिक्षण मोहीम होती. दिवसभर नांगर धरलेला माणूस रात्री पाटीवर 'ग' गिरवायचा. ज्याला बाकी काही जमलं नाही त्याला तात्या निदान सही शिकवायचे. म्हणायचे, "अंगठ्याची शाई धुतली जात नाही लवकर. लाज वाटते माणसाला."

१९८४ साली मी राजापूरच्या शाखेत अधिकारी होतो. नवा नवा अधिकारी म्हणजे कसा असतो, ते तुम्हाला माहीत आहे. नियम तोंडपाठ. एक दिवस एक म्हातारे शेतकरी पैसे काढायला आले. स्लिपवरची सही मी कार्डावरच्या नमुन्याशी ताडून पाहिली. जुळेना. कार्डावर अक्षर ठसठशीत, स्लिपवर नुसत्या तारा. मी त्यांना बोलावून म्हटलं, "आजोबा, सही जुळत नाही. अंगठा लावा आणि ओळखीचा साक्षीदार आणा."

ते म्हणाले, "सायब, हात कापतो. पन सही माझीच हाय."

मी म्हटलं, "म्हणूनच अंगठा लावा ना. काम होईल."

त्यावर ते जे म्हणाले ते मी विसरलेलो नाही. म्हणाले, "अंगठा नाय लावनार. गुरुजींनी सही शिकवलीय."

आणि पितळी टोकन काउंटरवर ठेवून ते पैसे न घेता निघून गेले. पावसाचे दिवस होते. लावणीसाठी पैसे हवे होते त्यांना. मी पुढची स्लिप घेतली.

दुसऱ्या दिवशी बँक उघडताच ते पुन्हा आले. सोबत धोतर, टोपी, हातात छत्री, माझे वडील. तात्या माझ्याकडे आले नाहीत. रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर मला म्हणाले, "मी या खातेदारांना पंचवीस वर्षं ओळखतो. साक्ष देतो. अंगठा नको. शाळेत आम्ही हजेरीपट दरवर्षी नवा करतो, तुमचं कार्ड बारा वर्षांचं जुनं आहे. माणूस म्हातारा होतो, कार्ड होत नाही. नवीन नमुना सही घ्या."

नियमात ते बसत होतं. मला सुचलं नव्हतं, एवढंच. मी नवं कार्ड पुढे केलं. त्या गृहस्थांनी पाच मिनिटं लावून सही केली. तात्या बाजूला उभे होते, मध्ये एक शब्द बोलले नाहीत, हात धरला नाही. वर्गात असेच उभे राहत असणार.

त्या कार्डाकडे पाहताना माझ्या लक्षात एक गोष्ट आली. त्या थरथरत्या सहीतला 'ळ' तात्यांचा होता. खालची गाठ जरा मोठी, शेपटी आत वळलेली. माझाही तसाच आहे. मग मला नादच लागला. काउंटरवर सह्या तपासताना मी तो 'ळ' शोधायचो. पाचलकडच्या सह्यांत दिसायचा, जैतापूरकडच्या सह्यांत दिसायचा. एखादी बाई बचतगटाचा कागद घेऊन यायची, तिच्या सहीत दिसायचा. माझ्या वडिलांच्या नावावर पेन्शन सोडून बँकेत फार काही नव्हतं. पण त्यांचं अक्षर तालुक्यातल्या किती तरी खात्यांवर होतं.

त्या दिवशी संध्याकाळी घरी गेलो. तात्यांनी विषय काढला नाही. मीही काढला नाही. 'चुकलो' हा दोन-तीन अक्षरांचा शब्द मला त्या दिवशी म्हणता आला नाही, आणि पुढे तेवीस वर्षं म्हणता आला नाही. बदल्या होत राहिल्या. नागपूरकडे होतो, मुंबईत होतो. दर आठवड्याला तात्यांचं पोस्टकार्ड यायचं. मी महिन्यातून एकदा मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली जेवढी जागा असायची तेवढ्यात खुशाली लिहायचो.

मग ही सोसायटी झाली. राजापुरात घर घ्यायचं तर आधी अर्जुनेच्या पुराचा विचार करावा लागतो. जवाहर चौकात पाणी शिरलं की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. आपली जागा उंचावर, म्हणून पसंत पडली. तात्यांना गावचं घर सोडवत नव्हतं. आई गेल्यावर आले. पहिले काही दिवस नुसते खुर्चीत बसून असत. मग एकदा जिन्यात खेळणाऱ्या मुलांपैकी कोणाच्या तरी वहीत चुकलेलं स्पेलिंग नव्हे, चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ त्यांच्या दृष्टीस पडला आणि शाळा पुन्हा सुरू झाली. तेव्हाची ती मुलं आज इथे स्वतःची मुलं घेऊन बसली आहेत. एका पावसाळ्यात खाली बाजारातली दोन कुटुंबं रात्री पाण्यातून निघून आपल्याकडे आली, तेव्हा तात्यांनी आपली खाट त्यांच्या लहान मुलांना दिली आणि रात्रभर त्यांना गोष्टी सांगितल्या. ते दृश्य काही जणांना आठवत असेल.

माझी शेवटची नेमणूक पुन्हा राजापूरलाच झाली. पेन्शनरांना नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे आपण जिवंत आहोत याची बँकेत सही करायची. २००६ च्या नोव्हेंबरात तात्या रिक्षाने शाखेत आले. माझ्यासमोर बसले. यादीवर सही केली. मी सवयीने नमुन्याशी ताडून पाहिली.

जुळत नव्हती. नुसत्या तारा.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. हसत म्हणाले, "काय साहेब, अंगठा लावू का?"

मी म्हटलं, "नको. सहीच करा. घाई नाही." आणि ड्रॉवरमधून नवं कोरं कार्ड काढून त्यांच्यापुढे ठेवलं. माझ्या टेबलापुढे चार माणसं उभी होती, कोणी काही बोललं नाही. तात्यांनी चष्मा पुसला. सावकाश सही केली. अर्ध्यावर हात थांबला, पुन्हा सुरू झाला. मी हात धरला नाही. कसं उभं राहायचं, ते मी १९८४ साली पाहिलं होतं.

सही झाल्यावर ते माझ्याकडे बघून म्हणाले, "शिकलास."

मी 'चुकलो' तेव्हाही म्हणालो नाही. पण मला वाटतं त्यांना ते पोहोचलं. फेब्रुवारीत ते गेले. ते कार्ड बँकेच्या कपाटात राहिलं. बँकेची मालमत्ता, घरी कसं आणणार?

तर बाळा, तू विचारलं होतंस, "एवढंच?" केसोपंत दामल्यांनी काय केलं? मुलं शिकवली. आधी गावाची, मग घरची. निवृत्तीनंतर दुसऱ्याची खोती सांभाळून शिकवली. त्यांनी कविता लिहिल्या असं काही प्रसिद्ध नाही, पण मराठी कवितेच्या इतिहासात त्यांचं नाव मुलाच्या नावाआधी येतं. तात्यांचं नाव कुठल्याच पुस्तकात येणार नाही. पण या तालुक्यात कोणी 'ळ' ची शेपटी आत वळवून सही केली, की मला ते नाव दिसतं.

आता शेवटचं. स्मरणिकेच्या समितीला माझी एक विनंती होती आणि त्यांनी ती मान्य केली आहे. सभासदांच्या यादीत सगळ्यांचं मधलं नाव पूर्ण छापायचं, टिंब द्यायचं नाही. कोणाला आईचं नाव छापायचं असेल तर तेही. जागा दोन पानं जास्त लागली, त्याचा कागदखर्च मी देतो.

दुसरं, येत्या शनिवारपासून संध्याकाळी पाच वाजता मी ऑफिसच्या खोलीत बसणार आहे. ज्या मुलांना मराठी अक्षर सुधारायचं आहे त्यांनी दुरेघी वही घेऊन यावं. फी नाही. खाऊ मिळेल की नाही, ते अक्षर बघून ठरवू. आणि ज्येष्ठ मंडळींपैकी कोणाची बँकेतली सही हल्ली जुळत नसेल, त्यांनीही यावं. लाजू नका. आपण नवीन नमुना सहीचा अर्ज भरू.

पंधरा मिनिटांची वीस झाली, त्याबद्दल क्षमा करा.